परंड्याच्या उन्हात कोणतं पोमेड टिकेल?

केस बसवायच्या तेलकट पोमेडमधली पेट्रोलियम जेली प्रतीनुसार साधारण 38 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यात एप्रिल अर्धा सरला की पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या माणसाचे काळे केस भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापतात. सकाळी चापूनचोपून बसवलेला भांग दुपारी एसटी स्टँडवर पोचेपर्यंत कपाळावर का ओघळतो, याचं उत्तर एवढ्यातच आहे. डबीवर ‘स्ट्राँग होल्ड’ छापलेलं असतं. ती पकड कुठल्या हवेत तपासली, हे मात्र छापलेलं नसतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुरुषांच्या जुन्या धाटणीच्या केशरचना जगभर परतल्या. बाजूला रेघेसारखा भांग, मागे वळवलेले चकचकीत केस, कपाळावर उभा केलेला कोंबडा, कानांजवळ मशीन मारून वर ठेवलेली लांबी. 2007 साली सुरू झालेल्या ‘मॅड मेन’ या अमेरिकी मालिकेने आणि 2013च्या ‘पीकी ब्लाइंडर्स’ने ही लाट वाढवली, धाराशिव जिल्ह्यात आणि आसपास ती मोबाइलवरून पोचली. परंडा, भूम, बार्शी, करमाळा इथल्या कटिंगच्या दुकानांत पोरं फोनमधला फोटो पुढे करतात आणि कारागीर तसा कट मारूनही देतो. कात्रीचं आणि मशीनचं काम इथे चांगलंच होतं. अडतं ते पुढे. दुकानातून निघताना जे केस झकास बसले होते, ते दुसऱ्या दिवशी घरच्या आरशासमोर बसत नाहीत. मग जेल, वॅक्स, पोमेड यांची शोधाशोध सुरू होते, आणि त्याबद्दल मिळणारा जवळजवळ सगळा सल्ला थंड हवेच्या, नळाला चोवीस तास पाणी असलेल्या शहरांतून आलेला असतो.

परंड्यासारख्या गावात चमक, सुगंध आणि पकड या गोष्टी नंतर बघायच्या. आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे पोमेड कितपत उन्हात पातळ होतं? आणि ते डोक्यावरून काढायला किती पाणी लागतं, कसलं पाणी लागतं?

मराठी माणसाच्या डोक्याला तेल नवं नाही, पण तेलाने केसांना आकार द्यायचा ही गोष्ट तशी अलीकडची. सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेकांची हजामत म्हणजे घेरा आणि शेंडी, वर पागोटं, फेटा किंवा टोपी. बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणं कमीपणाचं समजत. गावचा न्हावी बलुतेदार होता. धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा घेऊन तो दारी येई, आणि त्या धोकटीत केस बसवण्याचं काही असायचं कारणच नव्हतं. टोपीखाली केस दबूनच राहणार. तेल लावत ते डोकं थंड राहावं म्हणून, आणि त्याची खूण टोपीच्या आतल्या कडेला धरलेल्या काळपट पट्ट्यावर दिसे.

परंडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तर तासाभरावरची बार्शी इंग्रजी मुलखात. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि मुंबई-पुण्याचा माल बार्शीच्या पेठेपर्यंत सहज येऊ लागला. शाळा, कचेऱ्या आणि पलटणी यांच्यामागोमाग इंग्रजी कटिंग आलं. टोपी एकदम गेली नाही. एकाच घरात आजोबांचा फेटा, वडिलांची पांढरी टोपी आणि मुलाचं उघडं डोकं अशा तीन पिढ्या एकत्र नांदल्या. पण केस दिसू लागले आणि ते बसवण्याची गरज तेव्हापासून निर्माण झाली.

पश्चिमेत ही गरज जुनी होती. अस्वलाची चरबी, मॅकॅसर तेल, मग 1872 साली रॉबर्ट चेसब्रो यांनी पेटंट घेतलेलं व्हॅसलीन असा तिकडचा प्रवास. शिकागोतलं ‘मरेज’ पोमेड 1925 सालचं. पेट्रोलियम जेली आणि मेणाची ती जड डबी आजही मिळते. 1928 साली बर्मिंगहॅमच्या काउंटी केमिकल्स कंपनीने ब्रिलक्रीम काढलं. पाणी आणि खनिज तेल मधमाशीच्या मेणाने एकत्र बांधलेली ती पांढरी क्रीम होती. मरेजपेक्षा ती हलकी, फणीला सोपी आणि धुवायलाही बरी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या तरुणांना ‘ब्रिलक्रीम बॉइज’ हे नाव पडलं. पुढे जाहिरातींत क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन आला आणि साठच्या दशकात आपल्या मुंबईचा यष्टिरक्षक फारूख इंजिनिअर. जानेवारी 1967 च्या मद्रास कसोटीत वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उपाहारापूर्वी 94 धावा काढणारा हा फलंदाज ब्रिलक्रीमचा चेहरा झाला, तेव्हा मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या आरशाजवळ त्या काचेच्या बरणीला जागा मिळायला मोठंच निमित्त झालं.

दुसरं निमित्त सिनेमाचं. पुण्याच्या प्रभातच्या ‘हम एक हैं’मधून 1946 साली पडद्यावर आलेल्या देव आनंदने पुढच्या दशकात कपाळावरचा जो कोंबडा मिरवला, त्याने एक पिढी आरशासमोर उभी केली. मराठीत राजा गोसावी, रमेश देव यांच्या काळातल्या नायकांचे केस बघावेत. कृष्णधवल चित्रपटात दिव्यांच्या झोतात तेल लावलेल्या केसांवर जी एक पांढरी रेघ चमकते, तीच त्या काळातल्या रुबाबाची ओळख होती. कोरडे, मॅट दिसणारे केस तेव्हा कुणी मुद्दाम ठेवले नसते.

सत्तरच्या दशकात केस लांब आणि मोकळे झाले, कल्ले वाढले आणि ब्रिलक्रीमची बरणी मागे पडली. नव्वदनंतर तिची जागा जेलने घेतली. आज तालुक्याच्या गावी सगळ्यात सहज मिळतं ते सेट वेट जेल. हा ब्रँड 2012 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीने रेकिट बेन्किझरकडून घेतला; निळ्या बाटलीतलं पॅराशूट तेलही मॅरिकोचंच, आणि दाढी-केसांच्या सामानाचा ‘बिअर्डो’ हा अहमदाबादचा ब्रँडही 2020 मध्ये पूर्णपणे त्याच कंपनीकडे गेला. म्हणजे वडिलांचं खोबरेल, मोठ्या भावाचं जेल आणि धाकट्याचं वॅक्स एकाच घराण्यातून येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. ही सगळी द्रव्यं केस धरतात कशी?

पहिली गोष्ट अशी की आकार पोमेड देतच नाही, पाणी देतं. केस ओले झाले की त्यांतल्या प्रथिनांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना ज्या स्थितीत असतील तिथे पुन्हा जुळतात. ओल्या केसांवर भांग पाडून, हवं तसं वळवून ते अर्धवट वाळू दिले की निम्मं काम झालं. कटिंगच्या दुकानात कारागीर आधी फवारा मारतो तो याच कारणाने. पोमेडचं काम तो आकार नंतर ढळू न देणं आणि त्याला चमक किंवा जाडी देणं, एवढंच. घरी केस बसत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक जण कोरड्या केसांवर पोमेड थापतात आणि मग डबीला दोष देतात.

तेलाच्या पायावरचं पोमेड म्हणजे पेट्रोलियम जेली, खनिज तेल, मधमाशीचं मेण, कधी लोकरीतून निघणारं लॅनोलिन. हे कधीच वाळत नाही. दिवसभरात कितीही वेळा फणी फिरवा, केस पुन्हा बसतात. जुन्या केशरचनांचं सारं सौंदर्य या गुणात आहे. पण उष्णतेत काय होईल, हे त्यातल्या मेणाच्या प्रमाणावर ठरतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे परंड्यात बाटलीत गोठलेलं असतं आणि फेब्रुवारी सरताना पाण्यासारखं होतं. पेट्रोलियम जेलीचा आकडा वर आलाच आहे. मधमाशीचं मेण मात्र 62 ते 64 अंशांपर्यंत घट्ट राहतं, आणि ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून काढलेलं कार्नुबा मेण 80 अंशांच्याही पुढे. उन्हाळ्यासाठी तेलाचं पोमेड घ्यायचंच असेल तर मेण जास्त आणि जेली कमी असलेलं घ्यावं. अशा डबीत बोट सहज रुतत नाही. नखाने खरवडून तळहातावर घासावं लागतं, आणि दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी हीच खरी परीक्षा.

पाण्यात विरघळणारं पोमेड दोन जातींचं असतं आणि दोन्हींना एकच नाव असल्याने मोठा घोटाळा होतो. एका जातीत तेल आणि पाणी मिश्रक द्रव्यांनी इतकं बारीक एकजीव केलेलं असतं की डबीत ते पारदर्शक जेलीसारखं दिसतं. हे फारसं कडक होत नाही, चमक छान देतं आणि साध्या पाण्याने निघतं. कॅलिफोर्नियातली ‘लेराइट’ आणि ‘सुआवेसितो’ ही नावं पाण्याच्या पोमेडमुळेच मोठी झाली. नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधल्या ‘स्कोरेम’ या दुकानातून निघालेल्या ‘रॉयझेल’ पोमेडच्या डब्या तर रंगावरून ओळखतात. काही तेलाच्या, काही पाण्याच्या. दुसऱ्या जातीत पीव्हीपी नावाचं बहुवारिक असतं, ते वाळलं की केसांभोवती पातळ पापुद्रा धरतं. हे द्रव्य जर्मनीत 1930 च्या दशकाच्या शेवटी तयार झालं, दुसऱ्या महायुद्धात जखमींना रक्तद्रवाऐवजी देण्यासाठी वापरलं गेलं, आणि पन्नासच्या दशकात केसांच्या फवाऱ्यात आलं. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त जेलचा प्राण तेच.

इथे परंड्याच्या हवेचा एक फायदा आहे आणि त्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. पीव्हीपी हवेतला दमटपणा ओढून मऊ पडतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत जूनमध्ये जेलची पकड दुपारपर्यंत ढिली होते. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जेल इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. मात्र एकदा वाळल्यावर फणी फिरवली की तो पापुद्रा तुटतो आणि खांद्यावर पांढरे कण पडतात. लोक त्याला कोंडा समजून घाबरतात. तो कोंडा नसतो.

घामाचा हिशोब वेगळा. पाण्यात विरघळणारं पोमेड घामातही विरघळतं. शाळेत शिकवणारे, बँकेत, औषधाच्या किंवा कापडाच्या दुकानात पंख्याखाली बसणारे यांना ते उत्तम. दिवसभर शेतात, वीटभट्टीवर, मोटारसायकलवर असणाऱ्याचं दुपारी डोळ्यांत उतरतं आणि चुरचुरतं. तेलाचं पोमेड घामाला दाद देत नाही, पण उसाच्या ट्रॉल्यांमागून उडालेली फुपाट्याची धूळ चिकटवून घेतं आणि संध्याकाळी केस करडे करून सोडतं. उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाने फेब्रुवारी ते जून एकतर भरपूर मेणाचं पोमेड अगदी हरभऱ्याएवढं लावावं, नाहीतर सरळ केस बारीक करून घ्यावेत. त्या महिन्यांत मागे वळवलेल्या लांब केसांचा हट्ट त्याने धरू नये.

चिकणमातीच्या पायावरचं वॅक्स, ज्याला बाजारात ‘क्ले’ म्हणतात, ते या सगळ्यात थोडं वेगळं. त्यात केओलिन किंवा बेंटोनाइट असतं. ही माती तेल आणि घाम शोषते, केस जाड दाखवते आणि चमक मारून टाकते. देव आनंदचा कोंबडा चमकेविना चालेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी परंड्याच्या उन्हाळ्यात हा सगळ्यात बिनधोक पर्याय. केस विरळ झालेल्यांनी तर हाच घ्यावा. चकचकीत पोमेडने केसांचे झुबके होतात आणि मधली कातडी उघडी पडते. कोरड्या केसांना माती आणखी कोरडं करते, तेव्हा आदल्या रात्री थोडं खोबरेल लावलेलं बरं.

खोबरेलाच्या नावावर मात्र एक पक्की गोष्ट जमा आहे. मॅरिकोच्याच मुंबईतल्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली, तेव्हा केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली, बाकीच्या दोघांनी नाही. खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात, खनिज तेल वरच राहतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा अभ्यास म्हणून तो थोडा सावधपणे वाचावा, पण तो चांगल्या नियतकालिकात छापला गेला आणि त्याचा तर्क रसायनशास्त्राला धरून आहे. म्हणजे केस राखण्याचं काम खोबरेलाचं, केस धरण्याचं काम मेणाचं. एकाच डबीकडून दोन्हींची अपेक्षा करणं चुकीचं.

आणि करडईचं तेल केसांना लावू नये. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, भाजीला त्याची चव न्यारी, आणि खेड्यापाड्यांत हाताशी होतं म्हणून डोक्यालाही लावलं गेलं. पण हे सुकणाऱ्या तेलांच्या जातीचं. हवेशी संयोग होऊन ते हळूहळू घट्ट आणि चिकट होतं. हा गुण रोगण बनवणाऱ्याला उपयोगी, केसांना नाही. चार दिवस न धुतलेल्या केसांत त्याचा जो चिकट थर बसतो तो काढताना जीव मेटाकुटीला येतो.

आता पाणी. पोमेडच्या निवडीत पाणी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, असं परंड्यापुरतं ठामपणे म्हणता येईल.

मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते हे जड पाणी. साबण या क्षारांशी मिळून न विरघळणारी पांढरट साय तयार करतो. पेट्रोलियम जेली लावलेलं डोकं अंगाच्या साबणाने जड पाण्यात धुतलं, तर जेली तशीच राहते आणि वर ती साय बसते. केस राठ, जड, मेणचट होतात. अनेकांनी पोमेड कायमचं सोडलं ते या अनुभवानंतर. दोष जितका पोमेडचा तितकाच साबण आणि पाणी यांच्या जोडीचा.

शिवाय पाणी आहेच कुठे? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवतं. धाराशिवच्या गावांनीही टँकरची रांग पुष्कळ पाहिली आहे. परंडा तालुक्यात सीना नदी आहे, सीना-कोळेगावचं धरण आहे, तरी पाऊस हुकलेल्या वर्षी मार्चनंतर घागर-घागर मोजावी लागते. अशा दिवसांत तीन-तीनदा शांपू केल्याशिवाय न निघणारं पोमेड रोज लावणं परवडत नाही. पैशाने परवडेल एकवेळ, पाण्याने नाही. म्हणून इथे रोजच्या वापरासाठी पाण्यात विरघळणारं पोमेड किंवा क्ले, आणि तेलाची जड डबी सणासमारंभापुरती, अशी वाटणी करावी.

तरीही तेलाचं पोमेड आवडणाऱ्यांसाठी थोडक्या पाण्यात ते काढायची रीत आहे. केस आधी भिजवायचे नाहीत. कोरड्या केसांत चमचाभर खोबरेल चोळायचं. तेलात तेल विरघळतं आणि घट्ट मेण सैल होतं. पाच-दहा मिनिटांनी त्याच कोरड्या केसांवर शांपू घेऊन चोळायचा, मग अगदी थोडं पाणी. नंतर एकदाच नीट धुवायचं. शांपूतली द्रव्यं जड पाण्यात साबणासारखी साय धरत नाहीत. रिठ्याचंही तसंच, त्यातलं सॅपोनिन जड पाण्यातही काम करतं. डाळीचं पीठ सुकं चोळून तेल टिपून घ्यायची जुनी पद्धत उपयोगी आहे, फक्त दाट केसांतून ते पीठ काढायलाच पुन्हा पाणी लागतं.

टाळूचं काय? पोमेडने टक्कल पडतं, ही समजूत गावोगाव आहे. पुरुषांचं नेहमीचं टक्कल आनुवंशिकतेने आणि संप्रेरकाने पडतं. पोमेडचा त्यात हात नाही. कोंड्याचा संबंध मात्र थोडा आहे. टाळूवर राहणारी मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी तेलातल्या मेदाम्लांवर वाढते. बहुतेक वनस्पती तेलं तिला खाद्य पुरवतात, खनिज तेल आणि पेट्रोलियम जेली पुरवत नाहीत. कोंडा असलेल्याने ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांना भुलून वनस्पती तेलाचं पोमेड घेतलं तर कोंडा वाढू शकतो. कपाळावर येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचं कारण मात्र खुद्द पोमेड असू शकतं. 1970 साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी अमेरिकेतल्या पोमेड वापरणाऱ्यांमध्ये हा प्रकार नोंदवला आणि त्याला ‘पोमेड ॲक्ने’ असं नावच दिलं. उपाय साधा आहे. पोमेड केसांच्या मुळाशी चोळायचं नाही, कपाळाकडच्या कडेपासून बोटभर जागा सोडायची, आणि झोपण्यापूर्वी उशीवर जुना पंचा टाकायचा.

डबी विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचली की बाकीच्या जाहिरातीची गरज उरत नाही. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलंच नाव ‘पेट्रोलेटम’ किंवा ‘पॅराफिनम लिक्विडम’ असेल तर ते तेलाचं. ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाशीचं मेण. ते जितकं वर तितकं उन्हाला चांगलं. पहिलं नाव ‘ॲक्वा’ आणि लगेच ‘सेटेआरेथ-25’सारखं काही असेल तर पाण्याने निघणारं, न वाळणारं पोमेड. यादीत ‘पीव्हीपी’ किंवा ‘व्हीपी’ अक्षरं दिसली की ते वाळून कडक होणार. भारतात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापणं बंधनकारक आहे. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. आठवडी बाजारात ढिगाने विकायला येणाऱ्या, परदेशी वाटणाऱ्या डब्यांवर हे नसेल तर त्या घेऊ नयेत, किंमत कितीही कमी असो.

किमतीत अंतर मोठं आहे. छोटं जेल शंभर रुपयांच्या आत येतं, देशी वॅक्स आणि पोमेड काही शेकड्यांत, आणि परदेशी डबी हजाराच्या पुढे. पण नेहमीची परदेशी डबी 113 ग्रॅमची असते आणि एका वेळी दोन-अडीच ग्रॅम पुरतं. म्हणजे ती 45 ते 55 वेळा पुरते. रोज न लावता आठवड्यातून दोनदा लावणाऱ्याला सहा महिने. जेलची नळी त्या मानाने भसाभस संपते.

नोकरीच्या निमित्ताने पुण्यात किंवा पनवेलला राहणारी परंड्याची मुलं ऑनलाइन मागवलेली डबी सुट्टीत गावी आणतात. तिथे जे केस सुंदर बसायचे ते इथे बसत नाहीत, आणि डबी बदलावी लागते. हवा आणि पाणी दोन्ही बदललेलं असतं, तेव्हा त्यात नवल नाही. उन्हाळ्यात डबी मोटारसायकलच्या डिकीत मात्र ठेवू नये. पाण्याच्या पोमेडचं मिश्रण एकदा फाटलं की पुन्हा एकजीव होत नाही.

घरी करायचं असेल तर तेलाचं पोमेड अवघड नाही. मधमाशीचं मेण एक भाग, पेट्रोलियम जेली दोन भाग, एरंडेल एक भाग. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून आधी मेण वितळवायचं, मग बाकीचं घालायचं आणि निवत आलं की वास आवडत असेल तर दोन थेंब वाळ्याचं अत्तर. थेट आचेवर मेण ठेवू नये, पेट घेतं. उन्हाळ्यासाठी मेण दीडपट करावं, थंडीसाठी निम्मं. एरंडेल घट्ट आणि चिवट असल्याने पकड देतं आणि चमकही. मेण मिळवायला महाबळेश्वरचा रस्ता आहे. तिथलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मेणाच्या नावाखाली मेणबत्तीचं पॅराफिन विकणारेही असतात. अस्सल मेणाला मधाचा वास येतो आणि ते बोटांच्या उबेने मऊ पडतं. पॅराफिनचा तुकडा मोडताना ठिसूळपणे तुटतो.

कोणत्या केशरचनेला काय, हे एवढं कळल्यावर सोपं आहे. बाजूच्या भांगाला न वाळणारं पाण्याचं पोमेड पुरतं, केस चार बोटांपेक्षा लांब नसले म्हणजे झालं. मागे वळवलेल्या केसांना वजन हवं, तिथे तेलाला पर्याय नाही, आणि हा थाट नोव्हेंबर ते जानेवारीत करावा. कोंबड्याला मुळाशी ताकद लागते. ओल्या केसांना मुळाशी थोडं जेल, वाळल्यावर वरून मेणाचं पोमेड, अशी जोडी उत्तम टिकते. कुरळ्या केसांना कडक होणारं काहीच लावू नये. त्यांना तेलाचं पोमेड शोभतं, आणि कुरळे केस त्याचा थोडा ओघळही झाकतात.

खरी कसोटी लग्नसराईत लागते, कारण ती नेमकी एप्रिल-मेमध्ये येते. हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या अंगाला, केसांना हळद आणि तेल लागतं. त्या रात्री शांपूने ते पूर्ण काढलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाण्याचं कुठलंच पोमेड धरत नाही. मग मांडवात फेटा बांधला जातो, मुंडावळ्या कपाळावर येतात, आणि दोन-तीन तास केस दाबले जातात. संध्याकाळी फेटा उतरवून फोटो काढायचे असतात. जेल लावलेलं असेल तर तोपर्यंत पापुद्रा तुटून काळ्या शेरवानीवर पांढरे कण पडलेले असतात, आणि केस चपटेच राहतात. जड जेलीचं पोमेड फेट्याच्या आतल्या कापडाला लागतं; भाड्याच्या फेट्याचं कापड खराब झालं की त्याचे पैसे वेगळे. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळी मेणाचं किंवा क्लेचं थोडंसं बोट फिरवावं, फेटा उतरल्यावर ओल्या फणीने केस पुन्हा उभे करावेत, आणि मग फोटोपुरतं वरून चमकेचं पोमेड लावावं. परंड्यातला अनुभवी कारागीर हे सांगून करून घेतो, आणि नवरदेवाच्या करवल्याच्या खिशात फणी, पाण्याची छोटी बाटली आणि डबी आधीच ठेवून देतो.